खुर्द्यावरची पुराणे

इसवी सन २६ मध्ये आशिया प्रांतातील अकरा शहरांचे वकील रोमच्या सिनेटपुढे उभे राहिले. सम्राट टायबेरियस, त्याची माता आणि स्वतः सिनेट यांच्या नावाने बांधावयाचे मंदिर आपल्याच गावी व्हावे, एवढीच प्रत्येकाची मागणी होती. परंतु तिच्या पुष्ट्यर्थ त्यांनी जे दाखले आणि जे युक्तिवाद मांडले, ते टॅसिटसने आपल्या इतिवृत्तात नोंदवून ठेवले नसते, तर जगाचा कारभार हाकणाऱ्या त्या पोक्त सभेने कित्येक दिवस बसून देवादिकांच्या वंशावळ्या ऐकून घेतल्या, यावर आज कोणी सहज विश्वास ठेवला नसता. हालिकार्नाससच्या वकिलांनी सांगितले की, आमच्या भूमीला बाराशे वर्षांत भूकंपाचा धक्का लागलेला नाही आणि मंदिराचा पाया आम्ही अखंड खडकात घालू. सार्डिसकरांनी इटलीतील एट्रुरियाच्या लोकांचा एक ठराव वाचून दाखविला: आटिस राजाचे दोन पुत्र, पैकी लिडस घरी राहिला आणि टिऱ्हेनस निम्मी प्रजा घेऊन इटलीत गेला, तस्मात आम्ही तुमचे भाऊबंद. इलियन, म्हणजे होमरचे ट्रॉय, आपण रोमची जननी असल्याचे सांगत होते. परंतु प्राचीनतेच्या वैभवाखेरीज त्याच्यापाशी दुसरे काही नाही, असे सभेला वाटले. स्मिर्नाच्या वकिलांनी तर एका मूळपुरुषावर न थांबता तीन पर्याय पुढे केले: झ्यूसपुत्र टांटालस, देवांशी नाते सांगणारा थीसियस, किंवा कोणी एक ॲमेझॉन वीरांगना. निकाल स्मिर्नाच्या बाजूने लागला तो रोमला युद्धकाळी केलेल्या साह्याच्या बळावर. तथापि पूर्वजांची यादी आधी दिल्यावाचून त्या सेवेचा उच्चार करणे त्या वकिलांनाही प्रशस्त वाटले नाही.

इलियनची मात्र या पराभवाने कायमची हानी झाली नाही. सत्तावीस वर्षांनी, इ. स. ५३ मध्ये, सोळा वर्षांच्या नीरोने सिनेटपुढे त्या शहराची बाजू मांडली, ट्रॉयचा एनियस हाच रोमनांचा आणि सीझरांच्या घराण्याचा आदिपुरुष असे विस्ताराने सांगितले, आणि क्लॉडियसने इलियनला सर्व सरकारी देण्यांतून मुक्त केले. एका महाकाव्यातील नात्यापोटी साम्राज्याच्या खजिन्याने महसुलावर पाणी सोडले. दक्षिण मराठा मुलखातील गावोगावच्या कैफियती ज्यांनी चाळल्या असतील त्यांना हा प्रकार परका वाटणार नाही. तेथेही लिहिणारा ग्रामदैवत कोणत्या युगात प्रकट झाले येथून आरंभ करतो आणि दोन पाने उलटतात न उलटतात तोच इनाम जमिनीच्या बिघ्यांवर येतो.

मी ज्या नाण्यांविषयी लिहीत आहे ती अशाच कैफियती होत. फरक एवढाच की त्या कागदावर नसून कांस्याच्या चकतीवर आहेत, आणि दप्तरात न राहता बाजारात फिरल्या. रोमन साम्राज्यात सोन्याचे नाणे सर्वस्वी सम्राटाचे होते. चांदीचेही, पूर्वेकडील काही मोठ्या टांकसाळी सोडल्यास, बहुतांशी त्याचेच होते. परंतु भाजी, तेल, मासळी आणि स्नानगृहाचा आकार ज्याने चुकता होई तो खुर्दा पाडण्याची मुभा पूर्वेकडील शहरांना दीर्घकाळ मिळाली. इ. स. पूर्व ४४ ते इ. स. २९६ च्या सुमारापर्यंत पाचशेहून अधिक शहरांनी ही मुभा कमीअधिक प्रमाणात वापरली. दर्शनी बाजूस सम्राटाचे, त्याच्या राणीचे किंवा राजपुत्राचे मस्तक असे. ती बाजू निष्ठेची, आणि तिच्यात वाद नव्हता. मागची बाजू शहराची. तेथे कोणी आपले मंदिर कोरले, कोणी आपली नदी मानवरूपात पहुडलेली दाखविली, आणि कित्येकांनी ग्रीक पुराणातील असा एखादा प्रसंग निवडला की, जो आपल्याच वेशीत, आपल्याच झऱ्याकाठी किंवा आपल्याच डोंगरावर घडला, असे त्यांना साऱ्या जगाला बजावून सांगावयाचे होते.

हा खुर्दा व्यवहारातला होता, हे विसरून चालत नाही. किऑसच्या नाण्यांवर तर स्फिंक्सच्या आकृतीबरोबर किंमतही लिहिलेली असे: तीन असारिया, एक ओबोल, इत्यादी. हेड्रियनच्या काळातील पर्गामोनच्या एका शिलालेखात तेथील सराफांविरुद्धची तक्रार नोंदलेली आहे. चांदीचा एक देनारियस देताना ते अठरा असारिया घेत आणि घेताना सतराच देत. मधला एक असारी हा त्यांचा बट्टा. ज्या नाण्यांच्या मागील बाजूंवर आज विद्वान प्रबंध लिहितात, ती त्या काळी अशा सराफाच्या पेढीवर खणखणत मोजली जात होती आणि मोजणाऱ्याचे लक्ष बहुधा हर्क्युलिसपेक्षा बट्ट्यावर अधिक असे.

मग ही चित्रे निवडीत कोण? पुष्कळ नाण्यांवर एखाद्या अधिकाऱ्याचे नाव असते, आणि काहींवर ‘अमुकाने अर्पण केले’ असा स्पष्ट उल्लेखही सापडतो; स्मिर्नाचा प्रसिद्ध वक्ता पोलेमॉन याने अँटिनोअसच्या स्मरणार्थ काढलेली नाणी तशी आहेत. म्हणजे शहरातील धनिक आणि मानकरी पदरमोड करून नाणी पाडून घेत आणि विषयही बहुधा त्यांच्याच रुचीचा असे. ठसे कोरणारा कारागीर मात्र दरवेळी गावचाच नसे. कॉनराड क्राफ्ट या जर्मन पंडिताने १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवून दिले की, आशिया मायनरमधील निरनिराळ्या शहरांच्या नाण्यांवर सम्राटाचे मस्तक एकाच ठशाने उमटविलेले आढळते. मोजक्या कारखान्यांचे कारागीर अनेक शहरांची कामे घेत. एका गावासाठी पर्सेफोनीला रथातून पळवून नेणारा हेडीस कोरणारा हात दुसऱ्या गावासाठी मेड्यूसाचे शिर घेतलेला पर्सियस कोरीत असेल, आणि प्रत्येक गाव मात्र आपल्या कथेचे वतन आपल्याच नावे असल्याचे मानीत असेल!

इलियनने दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत आपल्या नाण्यांवर काय काढले हे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. वृद्ध पित्याला खांद्यावर आणि पुत्राला हाताशी घेऊन जळत्या नगरातून बाहेर पडणारा एनियस तेथे आहेच, कारण करमाफीची सनद त्याच्याच नावावर होती. परंतु त्याच्या जोडीला, आणि मला वाटते अधिक प्रेमाने, हेक्टर आहे: चार घोड्यांच्या रथात उभा, कधी ढाल-भाला घेऊन धावून जाणारा, नाव कोरलेला. पळून जाऊन राज्य स्थापणारा वीर रोमच्या उपयोगाचा. राहून लढणारा आणि मरणारा वीर गावाचा. इ. स. २१४ मध्ये कॅराकॅला तेथे आला तेव्हा त्याने सन्मान केला तो अकिलीसच्या समाधीचा, आणि आपल्या एका मृत सेवकाची चिता रचून पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीचे नाटकही वठविले. हेक्टरला मारणाऱ्याचा हा गौरव इलियनकरांनी कसा सोसला असेल याची कल्पनाच करावी.

स्मिर्नाने ॲमेझॉनला सोडले नाही, पण पुढे तिला एक नवी कथा अधिक उपयोगी वाटली. मार्कस ऑरेलियस आणि नंतर तिसरा गॉर्डियन व फिलिप यांच्या काळच्या तिच्या नाण्यांवर एका वृक्षाखाली झोपलेला योद्धा दिसतो आणि त्याच्यामागे दोन स्त्रिया उभ्या असतात. तो अलेक्झांडर. पागोस टेकडीवर शिकार करून दमलेला राजा चिनाराखाली निजला असता स्मिर्नाच्या दोन नेमेसिस देवींनी त्याला स्वप्नात येथे नगर वसविण्याची आज्ञा केली, ही कथा पॉसेनियसनेही सांगितलेली आहे. टांटालस, थीसियस आणि ॲमेझॉन यांच्याविषयी कोणी शंका घेतली असती; अलेक्झांडर झाला होता यात कोणाला शंका नव्हती. पुराण आणि इतिहास यांच्यात भिंत आहे असे त्या नगरवासीयांना वाटत नव्हते, आणि तशी भिंत घालण्यात त्यांचा काही फायदाही नव्हता.

या साऱ्या प्रकरणातील सर्वांत विलक्षण दावा कॉरिंथचा. मूळ कॉरिंथ रोमन सेनापती मुम्मियसने इ. स. पूर्व १४६ मध्ये जाळून धुळीस मिळविले, शतकभर ती जागा जवळजवळ ओसाड होती, इ. स. पूर्व ४४ च्या सुमारास ज्यूलियस सीझरने तेथे नवी वसाहत वसविली आणि तीत मुख्यतः मुक्त केलेले गुलाम पाठविले. स्ट्रेबो लिहितो की, या नवागतांनी भग्नावशेष उपसताना जुन्या कॉरिंथकरांची थडगी उघडली, त्यांतील मातीची व कांस्याची भांडी रोममध्ये विकली आणि त्या भांड्यांनी सारे रोम भरून गेले. त्याच लोकांच्या वंशजांनी पुढे आपल्या नाण्यांवर, लॅटिन अक्षरांत वसाहतीचे नाव लिहून, ज्यांची थडगी विकली त्यांचीच पुराणे कोरली! पिरीनी झऱ्याजवळ पेगॅससला वेसण घालणारा बेलेरोफोन आहे. पोर कडेवर घेऊन समुद्राकडे धावणारी इनो आहे. तिचा मुलगा मेलिकर्टीस डॉल्फिनच्या पाठीवर निजलेला आणि वर पाइन वृक्षाची सावली आहे. समुद्रात बुडालेल्या त्या मुलाचे शव डॉल्फिनने इस्थमसच्या किनाऱ्यास आणले, राजा सिसिफसने ते पुरले आणि त्याच्या सन्मानार्थ इस्थमियन क्रीडा सुरू केल्या, अशी कथा. क्रीडा म्हणजे यात्रा, यात्रा म्हणजे पेठ, आणि पेठ म्हणजे कॉरिंथचे उत्पन्न. तेव्हा मृत बालकाचा हा पंथ नव्या वसाहतीने सोडला असता तरच नवल. पॉसेनियस दुसऱ्या शतकात तेथे गेला तेव्हा त्याने प्रारंभीच नोंद केली की, जुन्या कॉरिंथकरांपैकी येथे आता कोणी राहत नाही. तरीही त्याने कथा ऐकून घेतल्या आणि लिहूनही काढल्या.

या नाण्यांचे आज एक वेगळेच मोल आहे. मेलिकर्टीसचे, म्हणजे देवत्व पावल्यावरच्या पॅलेमॉनचे, वर्तुळाकार मंदिर कॉरिंथच्या नाण्यांवर दिसते, आणि त्याच्या जोत्यात एक दार किंवा भुयारासारखी पोकळी दाखविलेली आहे. शिकागो विद्यापीठातर्फे ऑस्कर ब्रोनीअर याने १९५२ पासून इस्थमिया येथे उत्खनन केले, तेव्हा त्या मंदिराचा केवळ पाया हाती लागला. पण त्या पायातही खाली जाणारी वाट होती, आणि वरचे मंदिर कसे असेल याचे उत्तर नाण्याने दिले. प्रॅक्सिटेलीसची निडॉस येथील ॲफ्रोडायटी ओळखता आली तीही कॅराकॅला आणि प्लॉटिला यांच्या नावे निडॉसने पाडलेल्या नाण्यांमुळे. फिडियसचा ऑलिम्पियाचा झ्यूस कसा बसला होता हे सांगणारी एलिसची हेड्रियनकालीन नाणी तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. इम्होफ-ब्लूमर आणि पर्सी गार्डनर यांनी १८८५ ते १८८७ या काळात पॉसेनियसच्या प्रवासवर्णनावर नाण्यांच्या आधारे भाष्य रचले, आणि तेव्हापासून हा खुर्दा कलेतिहासाचा मोठा साक्षीदार ठरला. मात्र माझ्या मते या उपयोगाने त्याच्यावर थोडा अन्यायही झाला. हरवलेल्या मूर्तीची छबी म्हणून त्याच्याकडे पाहण्याच्या नादात, ती छबी तेथे कोणी आणि कशासाठी आणली हा प्रश्न पुष्कळ काळ मागे पडला.

सर्व चित्रे हक्कासाठीच होती असे मात्र नव्हे. हेलेस्पाँट सामुद्रधुनीवरील अबिडॉसच्या सेव्हेरसकालीन नाण्यांवर लाटांतून पोहत जाणारा लिअँडर, बुरुजावर दिवा धरून उभी हीरो, आणि वर उडणारा मदन असा सगळा प्रसंग तळहातापेक्षा लहान जागेत बसविलेला आहे. या प्रणयकथेतून ना करमाफी मिळत होती ना मंदिराची परवानगी. ग्रीक भाषेतील तिचे प्रसिद्ध काव्य म्यूसियसने लिहिले ते याहून बरेच उशिराचे. म्हणजे म्यूसियसच्या आधीच ठसे कोरणाऱ्याने ही कथा चितारलेली आहे. एवढ्यासाठी तरी अबिडॉसच्या त्या अनाम कारागिराला नमस्कार करावासा वाटतो.

ईजिप्तमधील ॲलेक्झांड्रियाची गोष्टही निराळी. अँटोनायनस पायस याच्या कारकिर्दीत तेथे हर्क्युलिसच्या बारा पराक्रमांची, पॅरिसच्या निवाड्याची आणि राशिचक्राची जी मोठी देखणी कांस्य नाणी निघाली, ती पौराणिक चित्रणात क्वचितच कोठे मागे टाकली गेली असतील. कारकिर्दीच्या दुसऱ्या वर्षी, इ. स. १३८-३९ मध्ये, तेजोवलय असलेला फिनिक्स पक्षी ‘युग’ या अर्थाच्या ग्रीक शब्दासह अवतरला. त्याच सुमारास व्याध ताऱ्याच्या उदयावर मोजलेले ईजिप्शियन पंचांगाचे महाचक्र पुरे होऊन नवे सुरू होत होते. परंतु ही टांकसाळ शहराची नसून रोमच्या सुभेदाराच्या अंमलाखालची होती. त्यामुळे ती पुराणे सुंदर असली तरी त्यांत कोणाची तक्रार नाही, कोणाचा हेवा नाही. आणि खरे सांगायचे तर शेजाऱ्याचा हेवा असल्यावाचून या नाण्यांना ती खुमारी येत नाही.

हेवा पाहायचा तर टायरला जावे. सेप्टिमियस सेव्हेरस आणि पेसेनियस नायजर यांच्या यादवीत शेजारच्या बेरिटसने, म्हणजे आजच्या बैरुतने, नायजरचा पक्ष धरला; टायर सेव्हेरसकडे गेले, नायजरच्या सैनिकांनी ते लुटून जाळले, आणि विजयी सेव्हेरसने त्याला रोमन वसाहतीचा दर्जा दिला. दर्जा मिळाल्यावर नाण्यांवरील शहराचे नाव लॅटिनमध्ये लिहिणे भाग पडले. पण तिसऱ्या शतकातील टायरच्या नाण्यांवर कथेतील पात्रांची नावे मात्र ग्रीकमध्ये आहेत, जणू महसूलखात्याला एक लिपी आणि अभिमानाला दुसरी. ग्रीक अक्षरांची ही प्रतिष्ठा त्या काळी फार दूरवर पोचलेली होती. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यांवरही ब्राह्मी आणि खरोष्ठीबरोबर ग्रीक अक्षरे आहेतच. टायरची चित्रे मात्र ग्रीकांची पूजा करण्यासाठी नव्हेत. एका नाण्यावर समुद्रातील दोन शिला आणि त्यांच्यामध्ये ऑलिव्हचा वृक्ष आहे. खाली लिहिले आहे ‘अमृतशिला’. याच तरंगत्या शिलांवर आपले नगर उभे राहिले अशी टायरची श्रद्धा. दुसऱ्यावर डिडो राणी बांधकामावर देखरेख करीत उभी आहे: कार्थेजची स्थापना! ज्या कार्थेजने रोमला तीन युद्धांत घाम फोडला, त्याचे जन्मस्थान म्हणून रोमन वसाहतीने सम्राटाच्या मस्तकामागे मिरवावे, यातला धीटपणा आज जितका जाणवतो तितका तेव्हा कोणाला जाणवला नसावा, किंवा व्हर्जिलने डिडोला इतके घरचे करून सोडले होते की, तिच्यात शत्रू दिसणेच बंद झाले होते. गॅलिएनसच्या काळच्या एका नाण्यावर कॅडमस ग्रीकांना एक गुंडाळी देताना दाखविला आहे. बाजूला ‘कॅडमस’ आणि ‘ग्रीक’ अशी नावे. फिनिशियन कॅडमसनेच ग्रीकांना अक्षरे शिकविली हे हिरोडोटसनेच सांगून ठेवलेले होते. ज्या अक्षरांत तुम्ही तुमची पुराणे लिहिता ती अक्षरे आमची, असे टायरने ग्रीकांच्याच लिपीत, ग्रीकांच्याच साक्षीदाराचा हवाला देऊन सांगितले. एवढ्या चकतीवर यापेक्षा अधिक चोख वादपत्र दुसऱ्या कोणत्याही नगराने सादर केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

फ्रिजियातील अपामीया, आजचे तुर्कस्तानातील दिनार, याने तर वादच घातला नाही. दुसऱ्याची कथाच आपल्या देव्हाऱ्यात आणून बसविली. हे शहर पहिल्या अँटिओकसने आपल्या मातेच्या नावे वसविले, आणि ते जुन्या केलेनीच्या जागी होते. केलेनी म्हणजे मार्सियसचे गाव: अथेनेने फेकून दिलेला पावा उचलून त्याने अपोलोला आव्हान दिले, हरला, आणि त्याचे सोललेले कातडे नदीच्या उगमापाशी गुहेत टांगले गेले, असे झेनोफोन लिहितो. साहजिकच अपामीयाच्या नाण्यांवर खडकावर बसून पावा वाजवीत पाण्यात आपले फुगलेले गाल निरखणारी अथेने आणि मागून डोकावणारा मार्सियस आहेत. परंतु याच शहराचे ‘किबोटॉस’, म्हणजे पेटी, असे एक टोपणनाव होते, आणि ते स्ट्रेबोच्या वेळीही रूढ होते. त्याच्याच मते एफिससच्या खालोखाल आशियातील मोठी पेठ हीच. पेठेत ज्यूंची वस्ती जुनी होती. इ. स. पूर्व ६२ मध्ये सुभेदार फ्लॅकसने जेरुसलेमच्या मंदिरासाठी गोळा झालेले त्यांचे सोने जप्त केले, त्यातले शंभर रत्तलांना थोडे कमी एकट्या अपामीयात सापडले, असे फ्लॅकसचा बचाव करताना सिसेरोनेच सांगितले आहे.

सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळी, आर्टेमास नावाचा क्रीडाप्रमुख अधिकारावर असताना, या शहराने एक नाणे पाडले. पुढे मॅक्रायनस आणि फिलिप यांच्या नावेही तेच चित्र निघाले. पाण्यावर तरंगणारी चौकोनी पेटी, उघडे झाकण, आत कमरेपर्यंत दिसणारे एक पुरुष आणि एक स्त्री. डावीकडे तेच दोघे बाहेर येऊन उजवा हात उंचावून उभे. झाकणावर एक पक्षी आणि दुसरा डहाळी घेऊन उडत येणारा. पेटीवर तीन ग्रीक अक्षरे: नोए. हा ज्यूंच्या धर्मग्रंथातील नोआ, आणि ही त्याची नौका. ग्रीक अनुवादात त्या नौकेसाठी हाच ‘किबोटॉस’ शब्द आलेला होता, आणि सिबिलच्या नावावर प्रचलित असलेल्या एका पद्यसंग्रहात तर नौका लागली तो अरारात डोंगर फ्रिजियातच, मार्सियस नदीच्या उगमाशी, असल्याचे सांगितलेले होते. सर्व सामग्री तयार होती. केवळ कोणीतरी ठसा कोरून घ्यावयाचा होता.

हे नाणे ज्यूंनी काढविले असेल असे काही जण म्हणतात. मला ते अर्धेच पटते. धनाढ्य ज्यू कुटुंबांचा पुढाकार असल्याशिवाय ते तीन अक्षरी नाव तेथे आले नसते हे मान्य. पण नगरसभेने ते मंजूर केले, आर्टेमासने आपले नाव त्यावर घातले, आणि पुढच्या पिढ्यांनी ते पुन्हा पाडले, कारण जगातील साऱ्या मानवजातीचा पुनर्जन्म आपल्या वेशीत झाला हा दावा मार्सियसच्या कातड्यापेक्षा कितीतरी मोठा होता. ग्रीकांपाशी महापूर होता, पण त्यांचा ड्यूकेलियन पार्नासस पर्वताला लागला होता. त्याला फ्रिजियात ओढून आणणे कठीण होते. नोआ मात्र मोकळा होता. त्याला ग्रीक पोशाख घातला, जोडीला त्याची पत्नी उभी केली, आणि तो पर्सियस-बेलेरोफोनांच्या पंगतीत बसला. धर्मसमन्वयाचे उदात्त उदाहरण म्हणून या नाण्याचा गौरव करणारे पुष्कळ आहेत. मला त्यात शेजारच्या शहरांवर मात करण्याची हौस अधिक दिसते, आणि त्यामुळे त्याचे मोल कमी झाले असे वाटत नाही.

हा सारा खेळ संपला तो धर्म बदलल्यामुळे नव्हे, तर चांदीच्या भेसळीमुळे. गॅलिएनसच्या अखेरच्या वर्षांत सम्राटाच्या ‘चांदीच्या’ नाण्यातील चांदी शेकडा पाच भागांच्याही खाली गेली. त्या फसव्या नाण्याच्या तुलनेत शहराचा जाड कांस्याचा खुर्दा पाडणे आतबट्ट्याचे झाले. इ. स. २६० नंतरच्या दशकात एकामागून एक टांकसाळी थंड पडल्या. पॅम्फिलियातील पर्गे शहराने टॅसिटस सम्राटाच्या काळी, म्हणजे २७५-७६ मध्ये, आपली शेवटची नाणी काढली. ॲलेक्झांड्रिया तेवढी आणखी वीस वर्षे टिकली. पुढे डायोक्लीशनने चलनाची नवी घडी बसविली तेव्हा तीही तीत सामावली गेली, आणि लंडनपासून ॲलेक्झांड्रियापर्यंत सर्व टांकसाळींतून एकाच आकाराचे, एकाच लॅटिन लेखाचे आणि मागील बाजूस रोमन जनतेच्या अधिदेवतेची एकच आकृती असलेले नाणे बाहेर पडू लागले.